भोईरांचा टॉर्क पाना

रविवार, २४ ऑगस्ट

मोटारसायकलची चेन परत सैल. ब्रेक मारला की मागून किणकिण. डोंबिवलीतला आपला गॅरेजवाला मे महिन्यात गावी गेला तो गेलाच. त्याच्या शटरवर आता मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याचा बोर्ड आहे. सर्व्हिस सेंटरवाले आपल्याला काचेबाहेर बसवतात, आणि गाडी हातात येते तेव्हा तिचं काहीतरी बदललेलं असतं. काय ते विचारलं की "सिस्टिममध्ये आहे."

ठरवलं. यापुढे गाडीचं काम स्वतः करायचं. सुलभाला सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही?" तेवढंच, आणि पोळी उलटली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या हातात पाना पाहिलेला नाही. एरवी रोज शेकडो पाने या हातांतून गेले. कोलशेतच्या कंपनीत सत्तावीस वर्षं टूल स्टोअरची खिडकी सांभाळली. कामगाराचं टोकन घेऊन हुकवर लावायचं, हत्यार द्यायचं. हत्यार परत आलं की टोकन परत. कुठला पाना कुठल्या हुकवर, डोळे मिटून सांगेन. नट मात्र एकही आवळलेला नाही.

माणकोली पुलावरून कोलशेतला गेलो, भोईरांकडे. कंपनीत मेंटेनन्सचे फिटर होते, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. गेल्या महिन्यात बाळकुम नाक्यावर सिग्नलला अचानक भेटले. नमस्कार-चमत्कार नाही, पहिलं वाक्य, "कर्णिक, चेन किती ढिली झालीय बघ." आणि मग, "रविवारी ये अंगणात."

आज गेलो. आधी चेन ओढून दिली, मग चहा. हत्यारं कुठली घेऊ विचारलं तर यादी दिली नाही. गाडी मागेल ते आण, म्हणाले.

मंगळवार, २६ ऑगस्ट

यादी केलीच. सवय. अनुक्रमांक, वर्णन, माप, नग, शेरा. एकेचाळीस ओळी झाल्या. सु. नारळ खवत होती, डोकावून म्हणाली, उद्या गणपती येतायत, त्यात मोदकाचा साचा पण लिहा. लिहिला. ४२. साचा, पितळी, नग १, शेरा: हँडल सैल.

यादीत टॉर्क पाना, म्हणजे नट ठरलेल्या आकड्याइतका आवळला की कट्‌ वाजणारा पाना, नाही. मुद्दाम लिहिला नाही. सु.च्या लक्षात आलं असावं.

शनिवार, ३० ऑगस्ट

नौपाड्यात गेलो, हार्डवेअरच्या जुन्या दुकानात. काउंटरवर बाप-लेक. बापाने दोन संच पुढे ठेवले. एक काळपट, सुटा, सहा कोनी सॉकेटचा. दुसरा निळ्या पेटीत, क्रोम, बारा कोनी, प्रत्येक नगाला आपला खळगा, झाकण लावलं की कट्‌ आवाज. डोक्याने सहा कोनीकडे बोट दाखवलं. हाताने निळी पेटी उचलली.

इतकी वर्षं खिडकीतून प्रत्येक नव्या पोराला सांगत आलो, जुना गंजका नट असेल तर सहा कोनी घे, बारा कोनी निसटतो. तरी निळी पेटी. तो खळगा. प्रत्येक वस्तू जागच्या जागी.

घरी येऊन पेटी दोनदा उघडली, दोनदा मिटली.

रविवार, ३१ ऑगस्ट

व्हायचं तेच झालं. मागच्या एक्सलचा नट गंजलेला. निळ्या पेटीतलं सॉकेट लावलं, जोर दिला, सॉकेट निसटलं. नटाचे कोपरे गोल झाले, माझी बोटं सायलेन्सरवर. दोन सांध्यांची सालं गेली.

भोईर ओट्यावर बसून बघत होते. उठले, आतून एक काळा रिंग पाना आणला. दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, तोंड झिजलेलं. नटाला रॉकेल पाजलं, थांबले, दोन ठोके मारले, आणि काढला.

मग म्हणाले, "पोरांना सहा कोनी घ्या म्हणून कोण सांगायचं रं?"

मीच, म्हटलं.

हसले. कुत्सित नाही, मजेत. तरी कान तापले. माझी चूक अशी की मी हत्यार परत येताना कसं दिसतं त्यावर त्याची किंमत करायचो. जे स्वच्छ आलं ते चांगलं, ज्याने स्वच्छ आणलं तो चांगला कामगार. भोईर म्हणाले, जे चकाचक परत यायचे ते कुणी वापरलेलेच नसायचे, कर्णिक, नावापुरते घेऊन जायचे. सत्तावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. मी तरी कुणाला विचारलं.

वहिनींनी हळद लावून बोटं बांधली. भोईरांची बायको फार बोलत नाही, पण हाताला हळद लावताना "दुखतं का" असं तीनदा विचारते.

मंगळवार, २ सप्टेंबर

बोटं ठणकतायत, लिहायला त्रास. तरी लिहितो. हे एकदा कागदावर यायला हवं, निदान माझ्यापुरतं.

टॉर्क पाना माझ्याकडे आहे. कपाटात, स्वेटरांच्या मागे, लाल कापडात.

अकरा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. आदल्या दिवशी कंपनीतली सगळी हत्यारं स्टोअरला परत यायची, पूजेसाठी. हुकवर एकही टोकन राहायचं नाही, त्याचा मला अभिमान. खिडकीवर ही झुंबड. नवमीला काउंटरवर हत्यारं मांडली, झेंडू, हळदकुंकू, पेढे. दसऱ्यानंतर सगळं परत हुकांवर लावलं तर टॉर्क पाना नाही. कंपनीत टॉर्क पाना तो एकच. हुकवर टोकन होतं भोईरांचं.

भोईर म्हणाले, मी पूजेच्या आदल्या दिवशी दिला, तू बोलला गर्दी हाय, टोकन उद्या घे. मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं आठवत. मी साहेबांना लेखी दिलं: टोकन हुकवर आहे, त्याअर्थी हत्यार कामगाराकडे आहे. नियमाप्रमाणे बरोबर. भोईरांना मेमो मिळाला. त्याच महिन्यात ते चार्जहँड, म्हणजे फिटरांवरचे प्रमुख, व्हायचे होते, ते राहिलं. त्यांच्याच हाताखाली शिकलेला पोरगा चार्जहँड झाला आणि शेवटपर्यंत भोईर त्याच्या सहीने सुट्टी घेत राहिले.

पुढच्या वर्षापासून नव्या साहेबांनी सगळ्या कंपनीची मिळून एकच पूजा गेटवर सुरू केली. स्टोअरच्या पूजेची ट्रंक रॅकच्या माथ्यावर गेली ती तिथेच. कंपनी बंद झाली तेव्हा मी ती खाली काढली. चौरंग, ताम्हण, तोरण, आणि तळाला चौरंगावरचं लाल कापड. कापडात टॉर्क पाना. दांड्यावर हळदकुंकवाचे डाग वाळून काळे पडलेले. पूजेचं सामान मी माझ्या हाताने आवरायचो, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो नाही. सगळा संशय संपला.

आणखी एक. पान्याचा आकडा शून्यावर होता. काम झाल्यावर स्प्रिंग मोकळी करून, शून्यावर आणून परत करायचा असतो. अख्ख्या कंपनीत हे पाळणारा माणूस एक, भोईर.

याला दोन वर्षं झाली. सु.ला त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, जाऊन सांगा. मी म्हटलं हो.

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन, आज अंगणात गुलालाचे ठसे. नवा नट नेला होता, बसवला. सहा कोनी सॉकेटांचे पाच नग नेले, सुटे. निळी पेटी घरीच.

भो.ची हत्यारनिवड अशी: रिंग पाने चांगले घे, मापं पाचच लागतात. टी-पाना दहाचा हवाच, बाकी बघू. पक्कड कसलीही चालेल, पण स्क्रू ड्रायव्हरवर कंजुषी नको. या गाड्यांचे प्लस स्क्रू जरा वेगळ्या खाचेचे असतात, साधा ड्रायव्हर वर चढतो आणि खाच खातो. ठोकून फिरवायचा ड्रायव्हर एक घे. ब्रश घरातला जुना चालेल. नरसाळं वहिनीचं नको, ती ओरडते.

मी वहीत लिहून घेत होतो. ते म्हणाले, लिहू नको, हातात धरून बघ. धरून बघितलं. पाना धरण्यात आणि पाना देण्यात फरक आहे, हे एकसष्टाव्या वर्षी कळतंय. देताना तोंडाकडून धरायचो, म्हणजे घेणाऱ्याच्या हातात दांडा जाईल. आज दांडा माझ्याकडे.

विचारलं, एक्सलचा नट किती आवळायचा? हाताला कळतं तेवढा, म्हणाले. टॉर्क पाना ही वस्तू त्या दिवसापासून त्यांनी हातात धरलेली नाही. हे ते सहज बोलून गेले, जसं कुणी म्हणतं, मी वांगं खात नाही. मी कापसाने चेन पुसत राहिलो. चेन केव्हाची स्वच्छ झाली होती.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज कल्याणला कामासाठी गेलो होतो तेव्हा शिवाजी चौकाजवळ एका दुकानात नवा टॉर्क पाना बघितला. लहान, गाडीच्या मापाचा. विचार असा की नवा घेतला तर तो भो.कडे न्यायला हरकत नाही, काम नीट होईल, आणि जुना कपाटात राहील. दुकानदाराने डबा उघडून दाखवला. मी हातात घेतला आणि स्वतःची इतकी लाज वाटली की "घरी विचारून येतो" म्हणून बाहेर पडलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, टॉर्क पाना घ्यायला घरी विचारून येतो.

सु.ला सांगितलं. हसेल वाटलं होतं. हसली नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

आज ऑइल बदललं. ड्रेन बोल्ट मी काढला, मी लावला. किती आवळू, किती आवळू, तीनदा विचारलं. खालचा भाग ॲल्युमिनियमचा, जास्त झालं तर आटे जातील. भो.नी माझ्या मनगटावर हात ठेवून पाना ओढायला लावला. "आता इथे थांब. हे जे लागलं ना हाताला, तेवढंच."

लागलं. पहिल्यांदा काहीतरी लागलं हाताला. खूप आनंद झाला, मुलासारखा, आणि हा आनंद कुणाच्या अंगणात बसून घेतोय हेही लगेच आठवलं.

चहाच्या वेळी भो. आपली बोटं उघडमीट करत बसले होते. म्हणाले, उजव्या हाताला मुंग्या येतात हल्ली, मानेतून. डॉक्टर मणका म्हणतो. परवा मुलाच्या गाडीचं चाक बसवलं, आणि तो कामावर गेल्यावर दिवसभर चैन नाही. बरोबर आवळलंय का? त्याला फोन करून गाडी थांबवायला लावली, सोसायटीच्या वॉचमनकडून पाना घेऊन तपासायला लावलं. "आता हाताचा भरवसा नाय, कर्णिक. आधी डोळे मिटून सांगायचो."

मग टॉर्क पाना घ्या ना, असं माझ्या तोंडातून निघून गेलं. म्हणाले, नको. अजून एक हरवला तर?

हसून म्हणाले. मी पण हसलो.

बुधवार, १७ सप्टेंबर

काही नाही. पाऊस. सहा कोनी सॉकेटांना तेल लावलं. कपाट उघडलं, स्वेटर काढले, परत ठेवले.

रविवार, २१ सप्टेंबर

गेलो नाही. पोट बिघडल्याचं कळवलं. पोट ठीक आहे.

दोन वर्षं का गेली याचा विचार करत बसलो. आधी वाटलं, सापडले कुठे असते, पत्ता माहीत नव्हता. खोटं. कोलशेत गावात भोईर विचारला तर दहा जण दाखवतील, अकरावा घरी नेऊन सोडेल. मग वाटलं, कंपनीच नाही, आता सांगून काय होणार. मेमो फाडायला साहेब कुठून आणणार? हे थोडं खरं. खरं कारण बहुतेक हे की त्या स्टोअरमध्ये माझ्या काळात एकही वस्तू हरवली नाही असं मी निरोपाच्या भाषणात म्हटलं होतं. "एक अपवाद वगळता." अपवाद म्हणताना भोईर समोर तिसऱ्या रांगेत बसले होते. ट्रंक सापडली ती त्या भाषणानंतर नऊ दिवसांनी.

बाळकुम नाक्यावर त्यांनीच हाक मारली. मी मारली नसती.

मंगळवार, २३ सप्टेंबर

काल घट बसले. टेंभी नाक्याची देवी बघायला सु. आणि तिची बहीण गेल्या होत्या, सु. गर्दीत चप्पल हरवून आली. मला म्हणाली, हरवलेलं सगळं सापडत नाही, तुमचं सापडलंय तर द्या.

भो.चा फोन. पोट कसं आहे? मागचे ब्रेक शू झिजलेत, रविवारी चाक काढू. आणि खंडेनवमीला तुझी हत्यारं घेऊन ये, इथेच एकत्र पूजा करू. स्टोअर नाय तर नाय, माझं अंगण हाय.

हो म्हटलं.

रविवार, २८ सप्टेंबर

चाक काढलं. सगळं मी काढलं: नट, वायसर, एक्सल, ब्रेकचा रॉड. कुठला वायसर कुठे होता ते जुन्या वर्तमानपत्रावर क्रमाने मांडलं. भो. म्हणाले, हे तुझं काम झकास, आमच्यात कुणाला जमायचं नाय. खरंच कौतुक होतं. ब्रेक शू नवे हवेत, ते मंगळवारी मिळणार. गाडी त्यांच्या पत्र्याखाली, मागचा भाग विटांवर.

मंगळवारी शू आले तरी बुधवारी नवमी. पूजेत बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे चाक त्यानंतरच. रिक्षाने परत.

मंगळवार, ३० सप्टेंबर

लाल कापड सोडलं. पाना पुसावा का? डाग तसेच ठेवले. ते पुसले तर माझ्याकडे काय उरलं दाखवायला.

सु.ने पिशवी दिली, कापडी, जाड. म्हणाली, मी येऊ का बरोबर? नको म्हटलं. तिने पिशवीत झेंडूची फुलं पण घातली. पाच मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, सुरुवातीला भाषण करू नका.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

अंगण सारवलेलं. पाटावर भो.ची हत्यारं, हातोडी, पक्कड, ते ट्यूब गुंडाळलेले पाने. शेजारी कोयता आणि मुलाचा लॅपटॉप. माझी सॉकेटं मी मांडली, पाच. मग पिशवीतून तो काढला आणि शेवटी ठेवला. भाषण केलं नाही.

भो. अंगठ्याला कुंकू लावून क्रमाने येत होते. त्याच्यापाशी आले आणि थांबले. दांड्यावर कंपनीचा नंबर ठोकलेला आहे, तो वाचायला त्यांना चष्मा लागला नाही.

"कवा सापडला?"

सांगितलं. कंपनी बंद झाली तेव्हा. स्टोअरच्या पूजेच्या ट्रंकेत. मीच गुंडाळून ठेवला होता, तुम्ही दिलेला, शून्यावर आणून दिलेला.

"कंपनी बंद होऊन दोन वर्षं झाली."

हो, म्हटलं.

त्यांनी त्यालाही हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं. इतर हत्यारांना लावलं तसंच, कमी नाही जास्त नाही. नारळ फोडला. मग आत गेले ते बाहेर आले नाहीत. वहिनींनी प्रसाद दिला, बसा म्हणाल्या, आत बघितलं, परत बसा म्हणाल्या. मी वीसेक मिनिटं बसलो असेन. आतून बोलण्याचा आवाज नाही, टीव्हीचा नाही.

निघालो. बसने ठाणे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

सोनं द्यायला कुणाकुणाकडे जाऊन आलो. कोलशेतला नाही.

वाटलं होतं सांगितलं की हलकं वाटेल. नाही वाटत. सांगून मी मोकळा झालो आणि ओझं त्यांच्या अंगणात टाकून आलो, असं वाटतंय. सु. म्हणते, ओझं त्यांच्याकडेच होतं अकरा वर्षं, तुम्ही फक्त त्याचं नाव सांगितलंत. ती कधी कधी असं बोलते आणि भाजी निवडायला लागते.

शनिवार, ४ ऑक्टोबर

वहिनींचा फोन. गाडी तशीच विटांवर आहे. मुलाने चाक बसवून देतो म्हटलं तर भो.नी हात लावू दिला नाही. निरोप असा, की ज्याची गाडी त्याने येऊन बसवावी. वहिनी थांबल्या, मग म्हणाल्या, जेवत नाहीत नीट. उद्या येतो म्हटलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

गेलो. भो. ओट्यावर, पेपर. मान वर केली नाही. पाटावरची हत्यारं आवरली होती. टॉर्क पाना तेवढा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला.

चाक एकट्याने बसवलं. शू घातले, एक्सलला ग्रीस, वायसर क्रमाने, चेन ताणायच्या बोल्टचे दोन्ही बाजूंचे आटे मोजून सारखे. दोन तास लागले. सांगायला कुणी नव्हतं, एकदा रॉड उलटा लागला तो माझा मीच काढला. नट हाताने आवळला. हाताला लागलं तिथे थांबलो. पण नक्की माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

तेव्हा भो. उठले. कट्ट्यावरून टॉर्क पाना घेतला. आकडा लावला, सॉकेट बसवलं, दोन्ही हातांनी धरून ओढला. नट आणखी थोडा फिरला, मग कट्‌. नट माझ्याकडून कमीच आवळला गेला होता, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मग विटेवर बसले. मग बोलले, माझ्याकडे न बघता:

"चार्जहँडचं जाऊ दे. ते काय, दोन-चार वर्षं हळहळलो, संपलं. तुला सांगतो काय झालं ते. पहिलं वर्ष मी छाती ठोकून बोलायचो, दिला म्हणजे दिला. मग लोक ऐकून घ्यायचे फक्त. मग हिने एकदा विचारलं, खरं सांगा, कुठे पडला तर नाय ना? आणि मग मलाच वाटायला लागलं. की पडला असंल. मी गेल्या चार-पाच वर्षांत मनाशी कबूल करून टाकलेलं, कर्णिक, की मीच हरवला. आणि तुला माहीत होतं."

मी माफी मागितली. त्यांनी हाताने थांबवलं.

"चूक होते. पूजेची गर्दी होती, मी पण बघितलीय. मला ते नको. मेमो कागदावर होता. हे पण कागदावर दे."

कुणाच्या नावाने लिहू, विचारलं. कंपनी नाही, साहेब नाहीत.

"ते तू बघ. सगळं लिही." आणि आत गेले. पाना बरोबर घेऊन गेले.

गाडी चालवत घरी आलो. पुलावर वारा होता, चेनचा आवाज नाही, ब्रेक मऊ लागतो. गाडी इतकी चांगली कधीच चालली नव्हती आणि मला ते अजिबात सुखाचं झालं नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

लिहायला बसलो. स्टोअरमध्ये मी शेकडो पत्रं लिहिली, एकातही अडलो नाही. पहिला मसुदा दीड पान. गर्दी, टोकन, ट्रंक, नव्या साहेबांनी पूजा बंद केली ते. वाचून वाटलं, सगळा दोष ट्रंकेचा आहे. फाडला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

तिसरा मसुदा. यात माझी चूक स्पष्ट लिहिली. मी हत्यार घेतले, टोकन परत केले नाही, हत्यार पूजेच्या सामानात स्वतः बांधले, आणि खात्री न करता श्री. भोईर यांच्याविरुद्ध लेखी दिले. त्यांनी हत्यार योग्य वेळी व योग्य स्थितीत परत केले होते. नाव, सही, खाली "माजी टूल स्टोअर कीपर". वर कुणाचंच नाव न घालता "ज्यांना हे दाखवायचे असेल त्या सर्वांस" असं लिहिलं. चांगलं जमलं असं वाटलं. सु.ला वाचायला दिलं.

तिने सावकाश वाचलं, चष्मा काढला.

"यात दोन वर्षं कुठायत?"

शुक्रवार, १० ऑक्टोबर

परवा रविवार. भो.नी ये म्हटलेलं नाही, नको म्हटलेलं नाही. पत्र झालं तर जाईन, नाही झालं तर कुठल्या तोंडाने.

बाकी सगळं नीट उतरवून झालं आहे. शेवटच्या परिच्छेदाला जागा सोडली आहे, चार ओळींची. त्यात "हत्यार मला सापडले, त्यानंतर मी" एवढं लिहिलं आहे. सकाळपासून तेवढंच आहे.